मागांच्या खटखटीत गिटार

आमच्या गल्लीत सकाळी सातला पहिला पॉवरलूम सुरू होतो आणि रात्री नऊ-दहापर्यंत एक ना एक माग चालूच असतो. बेळगावच्या वडगाव, शहापूर, खासबाग या भागांत ज्यांचं घर आहे त्यांना हा आवाज समजावून सांगावा लागत नाही. आप्पांनी उभा जन्म मागावर काढला, आधी हातमाग आणि मग पॉवरलूम. त्यांना विचारलं, "आप्पा, एवढ्या आवाजात झोप कशी लागते हो?" तर म्हणाले, "कुठला आवाज?"

मायक्रोफोनला मात्र तो आवाज ऐकू येतो, आणि सगळी गोष्ट तिथूनच सुरू झाली.

आप्पा भजनी मंडळात गातात. काळी दोनमध्ये, म्हणजे पेटीच्या दुसऱ्या काळ्या पट्टीच्या सुरात, मोकळ्या गळ्यानं. आता वय बहात्तर. गेल्या वर्षभरात वरच्या सुरावर श्वास अपुरा पडायला लागला. मंडळात पेटी वाजवणारे काका वारले, त्यानंतर गुरुवारचं भजनही कधी होतं, कधी नाही. त्यांना पाठ असलेले अभंग, त्यांच्या चालींसकट, घरीच नीट रेकॉर्ड करून ठेवायचे असं मी ठरवलं. पेटी मला येत नाही, गिटार येते. पहिल्या घरावर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चाप, लावला आणि डी कॉर्डच्या आकारात धरली की काळी दोन बरोबर मिळते.

एका मित्राचा कंडेन्सर माइक, बारीकसारीक आवाजही पकडणारा, आणून पहिला प्रयत्न केला. ऐकायच्या आधीच लॅपटॉपच्या पडद्यावर दिसलं. आवाजाच्या आलेखात सेकंदाला दोन, सारख्या अंतरावर, फणीच्या दातांसारखे ठोके. आप्पांचा आवाज त्या दातांत अडकलेला. खिडकी बंद केली, दाराला चादर लावली, तरी माग भिंतीतून येत होता. आवाजासाठी वाट निघाली: भजनात वापरतात तसला साधा डायनॅमिक माइक तोंडाजवळ दोन-तीन बोटांवर धरला की बाहेरचं बरंच कमी होतं. गिटारला तसं जमत नाही. गिटारचा आवाज तिच्या पोकळ लाकडी पेटीभर पसरलेला असतो. माइक वीतभर तरी लांब ठेवावा लागतो, लांब ठेवला की गेन, म्हणजे आत घ्यायच्या आवाजाची पातळी, वाढवावा लागतो, आणि गेन वाढवला की शेजारचा माग घरात येतो. म्हणून पिकअप, गिटारमध्येच बसवून तिचा आवाज थेट वायरीत घेणारं.

मी घेतलं ते घोडीच्या हाडाखाली, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीखाली, बसणारं, पिझो पट्टीचं, बॅटरीविना चालणारं साधं पिकअप. पिझो म्हणजे काय ते समजून घेताना मला स्वयंपाकघरातला गॅसचा लायटर आठवला. त्यात स्फटिकासारख्या एका तुकड्यावर ठोका बसतो आणि ठिणगी पडते. दाबलं की वीज तयार होते. हा गुण पिएर आणि झाक क्यूरी या भावांनी 1880 साली दाखवून दिला होता. गिटारच्या तारा घोडीवर दाब देतात, तार हलली की दाब हलतो, आणि पट्टीतून तेवढीच चिमूटभर वीज निघते. ती हवेतला आवाज ऐकतच नाही. गल्लीत लग्नाची वरात आली तरी तिला तारांखेरीज काही कळत नाही. मला हेच पाहिजे होतं.

बसवण्याचं काम मी स्वतः केलं. उद्यमबागेतल्या कारखान्यात सीएनसी मशीनवर काम करतो, त्यामुळे भोक पाडायची भीती नव्हती. तरी स्वतःच्या गिटारच्या बुडाला ड्रिल लावताना हात क्षणभर थांबलाच. पट्टा अडकवायची खुंटी काढून तिथं जॅकसाठी 12 मिलिमीटरचं भोक करायचं असतं. एकदम मोठं बिट लावलं तर लाकूड फुटतं, म्हणून लहान बिटापासून एकेक पायरी वाढवत गेलो, वरून चिकटपट्टी लावून. हाडाच्या खाचेत एका टोकाला बारीक भोक, त्यातून वायर आत. पट्टीची जाडी व्हर्नियरवर मोजली आणि हाड खालून तेवढंच घासलं, नाहीतर तारा बोटांना उंच लागल्या असत्या.

ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक आणि गिटार लॅपटॉपला जोडणारी पेटी, म्हणून फोकसराइटचं स्कार्लेट सोलो घेतलं होतं. एक माइकची जागा, एक गिटारची, आणि आम्ही दोघंच. केबल गल्लीतल्या मंडपवाल्याकडून आणली, दोन्ही बाजूंना पी-38 पिन असलेली. जोडली आणि वाजवलं.

आवाज आला तो बारीक, कोरडा, डब्यात खडे हलवल्यासारखा. जाड तारा तर गायबच. आप्पा बाजूला बसले होते. म्हणाले, "हे काय सतारीचं पोर वाटूलाय. आवाज बारीक का येऊलाय रे?"

मी गेन वाढवत गेलो. वाढवावं तसा बारीक आवाजच मोठा होत गेला. दोन संध्याकाळी घालवल्यावर लक्षात आलं की समोर 'इन्स्ट', म्हणजे इन्स्ट्रुमेंट, लिहिलेलं एक बटण आहे आणि ते मी दाबलेलंच नाही. हे बटण नुसता आवाज वाढवायचं नाही, हे मला मुद्दाम सांगायचंय, कारण माझ्यासारखे बरेच जण इथंच अडकतात. पिझोची वीज चिमूटभर. समोरच्या यंत्राच्या इनपुटनं ती ओढून घेतली तर ती ढासळते, आणि सगळ्यांत आधी खालचे सूर ढासळतात. जाड तार मोकळी वाजवली तर तिचा सूर 82 हर्ट्झच्या आसपास असतो, तोच जातो. साध्या लाइन इनपुटचा विरोध दहा हजार ते पन्नास-साठ हजार ओहमच्या घरात असतो. गिटारच्या इनपुटचा दहा लाख ओहम किंवा त्याहून जास्त. म्हणजे तो पिकअपकडून जवळजवळ काहीच मागत नाही, नुसता ऐकतो. बटण दाबलं आणि जाड तार परत आली. त्या पहिल्या भरीव सुरानं मला जो आनंद झाला तो आजही आठवतो.

पण त्याच्याबरोबर गुणगुण आली. भुंग्याचा आवाज, सतत, एकाच सुरात. बोट तारेवर असलं तरी आणि नसलं तरी.

पहिला चोर सापडायला फार वेळ लागला नाही. मंडपवाल्याची केबल उघडून बघितली तर आत नुसत्या दोन वायरी, स्पीकरला लावतात तशा. गिटारच्या केबलमध्ये आतल्या तारेभोवती तांब्याच्या बारीक तारांची जाळी विणलेली असते, ती बाहेरची वीज अडवते. स्पीकरच्या जोरदार आवाजाला ती लागत नाही, पण पिझोच्या कुजबुजीला लागते. तीन मीटरची जाळीवाली केबल आणली. जास्त लांबीही नको, कारण बॅटरीविना पिकअपचा आवाज लांब केबलमध्येच विरत जातो. गुणगुण निम्म्यावर आली.

उरलेल्या निम्म्यानं तीन आठवडे घेतले.

एके रात्री वाजवता वाजवता माझा हात केबलच्या धातूच्या पिनेला लागला आणि गुणगुण एकदम खाली गेली. हात काढला, परत आली. मग इंटरफेसच्या लाल धातूच्या अंगावरून बोटाचं मागचं कातडं हलकेच फिरवलं. बारीक झिणझिण लागली. आमच्या फ्रिजच्या दाराला लागते तीच झिणझिण. आई वर्षानुवर्षं म्हणत होती, "पायात चप्पल घालून फ्रिज उघड," आणि आम्ही ती घरातली रीत म्हणून पाळत होतो. लॅपटॉपचा चार्जर बोर्डमधून काढला. गुणगुण जवळजवळ बंद.

म्हणजे चोर गिटारमध्ये नव्हता, केबलमध्ये नव्हता, लॅपटॉपमध्येही नव्हता. तो भिंतीत होता.

वायरमनला बोलावलं. तो कन्नड, मी मराठी, आणि आमच्याकडे अशा कामात दोन्ही भाषा एकाच वाक्यात चालतात. त्यानं बल्ब लावलेला टेस्टिंग लॅम्प काढला. एक टोक फेजला, एक न्यूट्रलला. बल्ब लख्ख. मग न्यूट्रलचं टोक काढून वरच्या जाड भोकात घातलं. बल्ब काळा. त्यानं माझ्याकडं बघितलं. "अर्थिंग इल्ला री. बरे पिन ऐति." नुसती पिन आहे. तिन्ही भोकांचे सगळे बोर्ड घरभर, आणि तिसरं भोक कुठंच पोचलेलं नाही. आजोबांच्या वेळचं घर, पुढं खोल्या वाढत गेल्या, वायरिंग वाढत गेलं, जमिनीपर्यंत जायचं तेवढं राहून गेलं.

लॅपटॉपच्या चार्जरमधून थोडी वीज नेहमीच त्याच्या धातूपर्यंत झिरपत असते. अर्थिंग असलं की ती मुकाट जमिनीत जाते. नसलं की ती वाट शोधते, आणि आमच्या घरात तिला इंटरफेसच्या धातूतून केबलच्या जाळीपर्यंतची वाट सापडली होती. मी हात लावला की माझ्या अंगातून थोडी जमिनीकडे जायची, म्हणून गुणगुण कमी व्हायची. इथं एक गोष्ट कळकळीनं सांगतो: गुणगुण घालवण्यासाठी चार्जरच्या प्लगची तिसरी पिन तोडा, असा सल्ला देणारे भेटतात. मलाही भेटले. ते कधीही करू नका. ती पिन माणसाचा जीव वाचवायला आहे.

परसात जास्वंदीच्या पलीकडे खड्डा खणला. आठ फुटी जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी, पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि मीठ थरावर थर, वरून पाणी. तिथून मीटरच्या बोर्डपर्यंत आठ नंबरची जीआय तार आणि पुढं प्रत्येक बोर्डला हिरवी वायर. दोन दिवस लागले. आप्पा खुर्ची टाकून बसून बघत होते. मध्येच म्हणाले, "गिटारसाठी एवढा खड्डा काढूलास?" वायरमननं पुन्हा लॅम्प लावला. या वेळी जाड भोकातही बल्ब लख्ख पेटला. आई आतून आली, चप्पल काढली आणि फ्रिजच्या दाराला तळहात लावून उभी राहिली. काही बोलली नाही. दोनदा दार उघडलं, दोनदा लावलं.

गिटार जोडली. शांत. गेन वाढवला तरी शांत. वाजवताना सर्वांत मोठा सूर उणे 12 डेसिबलच्या आसपास राहील असा गेन ठेवला. लाल दिवा लागायच्या बराच आधी थांबायचं. 24 बिटवर रेकॉर्ड करताना आवाज थोडा खाली राहिला तर काही बिघडत नाही, वर फुटला तर मात्र तो परत जोडता येत नाही.

आता शांतता मिळाल्यावर तिच्यात दुसरं ऐकू आलं. दुसरी तार, बारकीच्या शेजारची, मार खाल्ल्यासारखी दबकी. बाकी पाच खणखणीत, ही एक पाठीमागं. कॉर्ड धरला की दात पडल्यासारखं वाटायचं. तार बदलली, तेच. तेव्हा माझ्या रोजच्या कामातलं डोकं चाललं. पट्टीवर दाब सगळीकडे सारखा पाहिजे. म्हणजे हाडाचा तळ सपाट पाहिजे, आणि मी तो हातानं घासला होता.

दुसऱ्या दिवशी हाड डब्यात घालून कारखान्यात नेलं. जेवणाच्या सुट्टीत सरफेस प्लेटवर, म्हणजे अगदी सपाट केलेल्या पाट्यावर, मार्किंग ब्लू या निळ्या रंगाचा पातळ हात फिरवला आणि हाड त्यावर उभं ठेवून हलकं ओढलं. उलटून बघितलं. दोन्ही टोकं निळी, मध्ये पांढरं. पांढरं बरोबर दुसऱ्या-तिसऱ्या तारेखाली सुरू होत होतं. डोळ्याला ते सरळ दिसत होतं, पट्टी लावली तरी सरळ दिसलं असतं. निळ्या रंगानं मात्र केसाएवढी पोकळी दाखवली. प्लेटवर 400 नंबरचा पॉलिश पेपर ठेवला, हाड काटकोनी ठोकळ्याला टेकवून धरलं, म्हणजे ते तिरकं होणार नाही, आणि एकाच दिशेला ओढत राहिलो. दहा वेळा ओढायचं, निळं लावायचं, बघायचं. पांढरं आकसत गेलं, तांदळाएवढं झालं, मग गेलं. शेजारच्या मशीनवरचा मुलगा विचारत होता कसला पार्ट आहे म्हणून. बैलाच्या हाडाचा म्हटल्यावर त्यानं हातात घेऊन बघितला.

घरी येऊन खाच टूथब्रशनं साफ केली. तिथंही लाकडाचा भुसा बसलेला होताच. हाड बसवलं, तारा चढवल्या. सहाही तारा एका रांगेत उभ्या राहिल्यासारख्या वाजल्या. पिकअप महाग की स्वस्त यावर लोक तासन्‌तास बोलतात. माझं मत झालंय की हाडाचा तळ सपाट केल्याशिवाय त्यावर बोलूच नये.

मग हेडफोनचा घोळ. आप्पांनी कानाला लावले आणि पहिल्याच ओळीला थांबले. "माझाच आवाज दोनदा येऊलाय. मागनं कोण म्हणूलाय?" इंटरफेसवरचा डायरेक्ट मॉनिटर चालू होता आणि रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्येही ट्रॅकचं मॉनिटरिंग चालू होतं. एक आवाज सरळ येत होता, दुसरा लॅपटॉपमधून फिरून. बफर, म्हणजे लॅपटॉप आवाज थोडा थोडा साठवून पुढं पाठवतो तो साठा, 512 सॅम्पलचा होता. सेकंदाला 44,100 सॅम्पलच्या दरानं तेवढ्यालाच साडेअकरा मिलिसेकंद जातात, जाताना वेगळे आणि येताना वेगळे. रीपरमधलं मॉनिटरिंग बंद केलं, पाच मिनिटांत प्रश्न मिटला.

असे चार अभंग झाले. आप्पांचा आवाज छान आला होता. गिटार स्वच्छ होती, मागाचा मागमूस नव्हता, पण तिच्यात लाकूड नव्हतं. पिझोचा म्हणून एक चरचरीत, बदकासारखा आवाज असतो, नखी जोरात लागली की जास्तच. दोन हजार हर्ट्झच्या आसपास थोडं कापलं, 80 च्या खालचं काढून टाकलं, नखी सोडून अंगठ्याच्या मांसल भागानं वाजवलं. बरं झालं, पण पूर्ण बरं नाही. मी जी गिटार मांडीवर घेऊन ऐकतो ती ही नव्हती. पट्टीला दाब कळतो, पेटीत घुमणारी हवा तिला कळत नाही, आणि ती हवा पकडायला माइक लागतो. माइक लावला की माग.

ऑगस्टमध्ये एका रविवारी दुपारी चारला मोठा पाऊस पडून गेला आणि लाइट गेली.

सगळी गल्ली थांबली. एकेक माग घरंगळत बंद पडला, शेवटचा कोपऱ्यावरचा. मी आणि आप्पांनी एकमेकांकडं बघितलं. लॅपटॉपची बॅटरी जुनी, चाळीस मिनिटं टिकते. इंटरफेस त्याच्यावरच चालतो. धावत जाऊन मित्राचा कंडेन्सर माइक आणला, त्याला लागणारे 48 व्होल्ट इंटरफेसवर चालू केले, आप्पांच्या समोर वीतभर लांब लावला. मी त्यांच्यापासून मीटरभरावर, गिटार पिकअपवर जोडलेली. हेडफोन नको म्हटलं. खरंच एका खोलीत बसून गातो तसं गायचं.

आप्पांनी डोळे मिटले. बाहेर कौलांवरून पागोळ्या गळत होत्या, त्या माइकमध्ये येत होत्या. येऊ दिल्या. एका बसणीत पाच अभंग म्हटले त्यांनी. वरच्या सुराला श्वास अपुरा पडला तिथं मी लय किंचित ओढून धरली, त्यांनी तेवढ्यात श्वास घेतला. पडद्यावर बॅटरी अकरा टक्के दाखवत होती.

रात्री ऐकायला बसलो. आप्पांच्या माइकमध्ये माझी गिटारही गेली होती, लांबून, खोलीसकट, लाकडासकट. तिच्या बाजूला पिकअपचा स्वच्छ ट्रॅक. दोन्ही एकत्र लावले तर उलट पोकळ वाटायला लागलं. कारण साधं होतं: पिकअपचा आवाज वायरीतून लगेच येतो, माइकपर्यंतचा आवाज हवेतून मीटरभर चालून येतो आणि त्याला जवळजवळ तीन मिलिसेकंद लागतात. दोन्ही आलेख मोठे करून पहिल्याच झंकाराची टोकं शोधली आणि पिकअपचा ट्रॅक तेवढाच मागं सरकवला. पोकळी भरली. जाड तार पोटातून आल्यासारखी वाजली. पिकअपनं तिला कडा दिल्या, हवेनं अंग दिलं. हीच माझी गिटार.

पाचव्या अभंगाच्या शेवटच्या ओळीवर लाइट आली होती. आप्पा थांबले नव्हते, मीही थांबलो नव्हतो. ट्रॅकवर ते जसंच्या तसं आहे: ओळ उतरत येते आणि तिच्याखाली लांबून एक माग सुरू होतो, खट, खट. तेवढा भाग कापायचा का, असं मी आप्पांना विचारलं. त्यांनी हेडफोन कानावर दाबून धरले आणि तो तुकडा दोनदा लावायला सांगितला.

"कोपऱ्यावरचा माग हाय हा," म्हणाले. "पिकर झिजलाय बघ त्याचा. उद्या सांगायला पाहिजे."